नावेतून कालेश्वर

मंडळी, पोस्ट लांब आहे. काल एटापल्लीत दिवसभर लाईट नव्हती, त्यामुळं मोबाईलची बॅटरी वाचवत तुकड्या-तुकड्यांनी लिहिली आहे. वेळ काढून वाचा.

मागच्या रविवारी घरची सगळी मंडळी घेऊन कालेश्वरला जाऊन आलो. पहाटे निघालो, आलापल्लीत चहा, रेपनपल्लीच्या पुढं नेहमीसारखे खड्डे मोजत सिरोंचा, आणि तिथून गोदावरीच्या पुलावरून तेलंगणात. पूल ओलांडायला किती वेळ लागला असेल? दोन-तीन मिनिटं. माझा भाचा मागच्या सीटवर मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता. पूल संपल्यावर मान वर करून विचारतो, "मामा, नदी केव्हा येईल?"

मी म्हटलं, "बापा, गेली ती."

तेव्हापासून हे डोक्यात घोळतं आहे. आमच्या पिढीला कालेश्वर म्हणजे नाव. देवळाआधी नाव आठवते. म्हणून आधी ती सहल सांगतो, मग ती नदी सरहद्द कशी झाली ते सांगतो. ही दुसरी गोष्ट मला स्वतःला खूप उशिरा कळली, आणि आपल्या भागातल्या शाळेच्या पुस्तकात ती मला कधी भेटली नाही.

साल बहुतेक १९९७. मी सहावीत होतो. आजीला कालेश्वरचं दर्शन घ्यायचं होतं आणि आम्हा पोरांना नावेत बसायचं होतं. भाड्याची जीप, त्यात आम्ही अकरा जण, पहाटे चारला एटापल्लीहून निघालो. एटापल्ली ते आलापल्ली तीसेक किलोमीटर, आलापल्ली ते सिरोंचा सुमारे शंभर. तेव्हाचा रस्ता कसा होता हे लिहीत नाही, आजचा बघून अंदाज करा. सिरोंच्याला पोहोचायला दहा वाजून गेले. घाटावर उतरलो तर आधी रेतीच रेती. हिवाळ्यात पाणी मागं सरतं, त्यामुळं बरंच अंतर चपला हातात घेऊन चालावं लागलं. आजी दोनदा बसली.

नाव लाकडाची, रुंद, बसायला आडव्या फळ्या. आमच्या अकरा जणांशिवाय दोन सायकली, तांदळाची पोती, दोऱ्याला बांधलेली एक बकरी आणि सोयरिकीला निघालेली पाच-सहा माणसं. नावाडी ढिवर समाजाचा म्हातारा. आमच्याशी मराठीत बोलायचा, सोयरिकीवाल्यांशी तेलुगूत आणि बकरीवाल्याशी माडियात. "बसा जी, मधात बसा. उभं नका राहू. हात पाण्यात नका घालू." लाईफ जॅकेट हा शब्द तेव्हा आम्ही ऐकलेलासुद्धा नव्हता. आजीनं विचारलं, "दादा, मगर हाय का याच्यात?" म्हातारा म्हणाला, "असंल तर तिकिट नाही घेत तिच्याजवळून." सगळी नाव हसली. आजी नाही हसली.

देवळात गंमत अशी की एकाच पीठावर दोन लिंगं आहेत. एक काळाचं, म्हणजे यमाचं, आणि दुसरं मुक्तेश्वराचं, म्हणजे शिवाचं. पूजा आधी यमाची, मग शिवाची. आजीला हे काही पटलं नाही. "यमाला आधी काहून नमस्कार करायचा? तो तर असाही येतेच ना," असं ती पुजाऱ्यालाच म्हणाली. पुजाऱ्याला मराठी कळत नव्हतं ते बरं झालं. बाबांनी सांगितलं की मुक्तेश्वराच्या लिंगाला छिद्रं आहेत, त्यात ओतलेलं पाणी आतल्या आत संगमाला जातं अशी लोकांची श्रद्धा आहे. प्राणहिता आणि गोदावरी डोळ्यांना दिसतात, सरस्वती गुप्त. म्हणून हा त्रिवेणी संगम.

परत येताना नाव रेतीत रुतली. बाबा आणि चार-पाच जण कमरेएवढ्या पाण्यात उतरून ढकलत होते. शेवटच्या नावेच्या मागं अंधार असायचा. ती नाव चुकली तर रात्र तिकडच्या काठावर. सहल म्हणून सांगायचं तर एवढंच. पण एटापल्लीच्या त्या वयाच्या पोराला "दुसरं राज्य" बघायला मिळालं होतं. शाळेत आठ दिवस मीच हिरो.

आता प्रश्न असा, की ते दुसरं राज्य का होतं? दोन्ही काठांवर तेलुगू बोलतात. दोन्ही काठांवर एकमेकांचे सोयरे आहेत. सिरोंच्याचा बाजार तिकडच्या माणसांनी भरायचा, आणि दवाखान्याला आपली माणसं तिकडं वरंगलला जातात. मग मध्ये सरहद्द कुठून आली?

याचं उत्तर कापसात आहे.

१८५३ मध्ये इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतलं. १८५४ मध्ये भोसल्यांचं नागपूर राज्य खालसा केलं, त्यात आपला चांदाही आला. वऱ्हाड, वर्धा, हिंगणघाट, सगळा कापसाचा मुलूख एकदम हाती आला. पण कापूस समुद्रापर्यंत न्यायचा कसा? रेल्वे अजून इकडं आली नव्हती. बैलांच्या पाठीवर मुंबईला जाईपर्यंत निम्मा कापूस धुळीनं आणि पावसानं खराब व्हायचा.

तिकडं आंध्रात सर आर्थर कॉटन नावाचा इंजिनियर होता. (आडनाव खरंच कॉटन.) त्यानं १८४७ ते १८५२ या काळात राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमला गोदावरीवर बंधारा बांधला. आजही तिकडचे शेतकरी त्याचे पुतळे उभारतात. या माणसाचा रेल्वेपेक्षा पाण्यावर जास्त विश्वास होता. आगगाडीच्या तुलनेत नाव कितीतरी स्वस्त पडते, हे तो आयुष्यभर सांगत राहिला. त्याचा नकाशा असा: वर्धा नदीतून कापूस प्राणहितेत, प्राणहितेतून गोदावरीत, गोदावरीतून थेट पूर्व समुद्राला, आणि तिथून जहाजानं मँचेस्टर. कागदावर एकदम सरळ. कागदावर आपला भाग नेहमीच सरळ दिसतो.

अडचण होती तीन जागी. नदीच्या पात्रात खडकांचे लांबलचक पट्टे होते, त्यावरून बोट जाऊ शकत नव्हती. पहिला अडथळा भद्राचलमच्या वर दुम्मागुडेमला. दुसरा इंद्रावती गोदावरीला मिळते तिथून खाली, इंचमपल्लीला. आणि तिसरा प्राणहितेवर, देवलमरीला. हो, तेच आपल्या अहेरी तालुक्यातलं देवलमरी. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये कागदपत्रांत देवलमरीचं नाव लिहिलं जात होतं आणि आज गडचिरोलीत सांगावं लागतं की देवलमरी कुठं आहे.

दुसरी अडचण काठाची. सिरोंच्यापाशी गोदावरीचे दोन्ही काठ निजामाचे. ज्या नदीत तुमचा पैसा, तुमच्या बोटी, तिचा एक तरी काठ आपला पाहिजे, असा हिशेब. डिसेंबर १८६० मध्ये तह झाला. त्यात इंग्रजांनी निजामाला रायचूर दोआब आणि धाराशिव परत केलं, सुरपूर दिलं, पन्नास लाखांचं कर्ज माफ केलं. बदल्यात निजामानं गोदावरीच्या डाव्या काठचा मुलूख इंग्रजांना दिला. त्यात सिरोंचा, भद्राचलम वगैरे तालुके होते. आणि त्याच तहात एक कलम: गोदावरी आणि वैनगंगेतून होणारी जलवाहतूक मोकळी राहील, तिच्यावर जकात लागणार नाही.

हे वाचलं तेव्हा मी थोडा वेळ तसाच बसलो होतो. एकाच कागदावर धाराशिव तिकडं गेलं आणि सिरोंचा इकडं आलं. नव्वद-शंभर वर्षांनी निजामाचं राज्य गेलं, भाषावार राज्यं झाली, धाराशिव फिरून महाराष्ट्रात आलं. डावा काठ मध्य प्रांताचा म्हणून तोही महाराष्ट्रात आला. उजवा काठ निजामाचा म्हणून तो आंध्रात आणि आता तेलंगणात. म्हणजे १९९७ मध्ये आजीला रेतीत दोनदा बसायला लावून आम्ही जी सरहद्द ओलांडली, तिचं मूळ आगबोटींसाठी केलेल्या त्या सौद्यात आहे. निजामाच्या काळात तर पलीकडं नाणंसुद्धा वेगळं होतं, हाली सिक्का. नावेत बसताना एक पैसा, उतरताना दुसरा.

तहानंतर इंग्रजांनी सिरोंच्याला चक्क जिल्ह्याचं ठिकाण केलं. जिल्ह्याचं नाव अप्पर गोदावरी. गडचिरोली जिल्हा झाला १९८२ मध्ये, २६ ऑगस्टला. त्याच्या एकशेवीसेक वर्षं आधी सिरोंचा जिल्हा मुख्यालय होतं. ग्लासफर्ड नावाचा साहेब तिथं डेप्युटी कमिशनर होता. त्यानं १८६२ मध्ये बस्तरचा अहवाल लिहिला, तो अभ्यासक आजही वाचतात. सिरोंचा तालुक्यातल्या ग्लासफर्डपेठा गावातून गेला असाल तर ते नाव कुठून आलं हे आता कळलं असेल.

याच्या दोनच वर्षं आधी या नदीच्या काठावर काय झालं होतं तेही सांगितलं पाहिजे. एप्रिल १८५८ मध्ये प्राणहितेच्या काठी चिंचगुंडीजवळ तारखात्याच्या साहेबांचा तळ होता. वीर बाबूराव शेडमाके यांच्या आणि अडपल्लीच्या व्यंकटराव यांच्या माणसांनी त्यावर हल्ला केला. गार्टलँड आणि हॉल हे दोघे मारले गेले. बाबूरावांना त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला चांद्याला फाशी दिलं. आपण दर वर्षी तो दिवस पाळतो, पण प्राणहितेच्या काठावर इंग्रजांची तार कशाला आली होती हे कोणी विचारत नाही. आधी तार, मग बोट. इंग्रजांना हा काठ आपल्या मुठीत पाहिजे होता.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. तिकडचा कापूस बंद पडला, मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी, आणि हिंदुस्थानातल्या कापसाला सोन्याचा भाव. गोदावरीच्या कामाला जोर आला तो याच काळात. खडक फोडणं, बंधारे, बोटीला वरखाली करणारी दारं, बाजूनं कालवे. पण नदी आपल्या स्वभावाप्रमाणं वागत होती. पावसाळ्यात अफाट पाणी, उन्हाळ्यात रेती. काम करायला वर्षातले थोडेच महिने मिळायचे. जंगलातल्या तापानं माणसं पटापट आजारी पडायची, मजूर टिकत नव्हते. प्राणहिता साधी नदी नाही हे आपल्याला माहीत आहे. गोदावरीच्या खोऱ्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा ही एकटी घेऊन येते. इंजिनियर लोकांना ते पावसाळ्यात कळायचं आणि हिवाळ्यात ते विसरायचे.

१८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं. १८६७ मध्ये मुंबईहून रेल्वे नागपूरला पोहोचली. कापसानं सरळ गाडी पकडली. १८७१ मध्ये गोदावरीचं काम थांबवलं. १८७४ मध्ये अप्पर गोदावरी जिल्हाच मोडला. खालचे भद्राचलमकडचे तालुके मद्रास इलाख्यात, सिरोंचा चांद्याला. बस, संपलं. लाखो रुपये पाण्यात गेले, हा वाक्प्रचार इथं अगदी शब्दशः बसतो. दुम्मागुडेमचा बंधारा मात्र अजून आहे.

सिरोंच्याला रेल्वे आजही नाही. पूर्ण गडचिरोली जिल्ह्यात स्टेशन म्हणावं असं एकच, वडसा.

आगबोटी आल्या नाहीत, पण साधी नाव चालत राहिली. तिचाही कायदा होता. १८७८ चा नॉर्दर्न इंडिया फेरीज कायदा मध्य प्रांतालाही लागू होता. घाटाचा लिलाव, ठेकेदार, माणशी किती, बैलाला किती, सगळे दर ठरवायची सोय त्यात आहे. आमच्या त्या म्हाताऱ्या नावाड्याच्या मागं उभा असलेला हा कायदा त्याला ठाऊक असेल-नसेल, पण "घाट यावर्षी कोणाला सुटला" हे त्याला पक्कं ठाऊक असायचं.

नंतरच्या गोष्टी तुमच्या डोळ्यांदेखतच्या आहेत, म्हणून पटकन सांगतो. कॉटनचा दुसरा अडथळा जिथं होता, त्याच इंचमपल्लीला पुढं मोठ्या धरणाची योजना आली. इंद्रावतीवर भोपालपटनमलाही एक. आपलं किती जंगल आणि किती गावं त्यात गेली असती हे जुन्या माणसांना विचारा. १९८०च्या दशकात बाबा आमटे आणि आपल्या भागातले आदिवासी त्याविरुद्ध उभे राहिले. तेव्हा ती धरणं झाली नाहीत.

मग मेडीगड्डा. २३ ऑगस्ट २०१६ ला मुंबईत महाराष्ट्र आणि तेलंगण सरकारांचा करार झाला. २१ जून २०१९ ला ८५ दारांच्या बॅरेजचं उद्घाटन झालं. पाणी उपसून तेलंगणात वर चढवायचं, काठ आपला. सिरोंचा तालुक्यातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी फुगवट्यात गेल्या, काठ खचले, जुलै २०२२च्या पुरात उभी शेतं गेली. मोबदल्यासाठी ही माणसं सिरोंच्यात कितीतरी दिवस उपोषणाला बसली. आणि २१ ऑक्टोबर २०२३ ला बॅरेजचे खांबच खचले. तारीख बघा. बाबूरावांच्या फाशीचा दिवस. योगायोगच आहे, मी त्यातून काही सांगत नाही, पण सिरोंच्यात एका पानठेल्यावर हे मी तीन वेगवेगळ्या माणसांकडून ऐकलं.

गोदावरीवरचा पूल सुरू झाला २०१६-१७च्या सुमारास. पुढच्या काही वर्षांत पातागुडमला इंद्रावतीवरचाही झाला. पूल नको होते असं म्हणणारा मी नाही. रात्री पोटात दुखायला लागलं तर नावेची गोडी कोणाला आठवत नाही. वरंगलला वेळेत पोहोचल्यामुळं वाचलेली माणसं माझ्या ओळखीत आहेत. पण माझ्या मनात एक हिशेब राहतोच. दुसऱ्या राज्यात जायला आपल्याकडं मोठमोठे पूल झाले, आणि आपल्याच तालुक्यात पावसाळ्यात बांडे नदी फुगली की आतली गावं तुटतात. आजही डोंग्यातून माणसं येतात. बाळंतपणाला निघालेल्या बाईला खाटेवर टाकून नाला पार करतात. आलापल्लीपासून सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक रात्रंदिवस धावतात, त्या रस्त्याची काळजी सगळ्यांना आहे. १८६० मध्ये नदीचा रस्ता कापसासाठी पाहिजे होता. देवलमरीच्या माणसाला अहेरीच्या बाजारात जायला नाव पाहिजे, हा मुद्दा त्या नकाशात कुठंच नव्हता.

बरं, रविवारचं राहिलं.

दर्शन झालं. भाचा कंटाळला होता म्हणून त्याला संगमावर घेऊन गेलो. घाटावर आता इंजिनच्या नावा आहेत. त्या कोणाला पार नेत नाहीत. संगमात एक फेरी मारतात, फोटो काढू देतात आणि आणून सोडतात. नारंगी जॅकेट घालावं लागतं, ते बरं आहे. नाववाला चाळिशीचा. मी मराठीत बोललो तर त्यानंही मराठीतच उत्तर दिलं. मूळचा सिरोंच्याकडचा निघाला. वडील नाव चालवायचे, घाट बंद झाला, वडील गेले. म्हणाला, "पुष्करात बरी कमाई झाली जी." २०२२च्या एप्रिलमध्ये प्राणहिता पुष्कर झाला, बारा दिवस, त्याचं सांगत होता. "बाकी वर्षभर शनिवार-रविवार. आधी माणसं कामाला पार जात होती, रोजची होती. आता हौसेची आहेत."

मी विचारलं, "पलीकडं सोडतोस का? आपल्या काठाला?"

तो हसला. "तिकडं कोण उतरते आता? पूल हाय ना."

नाव मध्ये गेली तेव्हा भाच्यानं पहिल्यांदा मोबाईल खिशात ठेवला, आणि आजीसारखंच विचारलं, याच्यात मगर आहे का. नाववाल्याचं उत्तर आमच्या म्हाताऱ्यासारखं नव्हतं. तो म्हणाला, "गूगल कर."

शेवटी एक विनंती. सिरोंचा, अहेरी, वांगेपल्ली, देवलमरी, जिथं जिथं नावेचे घाट होते, तिथले जुने फोटो, घाटाच्या लिलावाचे कागद, नावेच्या भाड्याची पावती असं काही कोणाच्या घरी पेटीत पडलं असेल तर मला मेसेज करा. आणि ज्यांचे वडील-आजोबा नाव चालवायचे, त्यांनी खाली लिहा, घाट कोणता आणि माणशी किती पैसे घ्यायचे. १९९७ मध्ये कालेश्वरला आम्ही किती दिले होते ते बाबांना आठवत नाही. आजीला नक्की आठवलं असतं.